होईल म्हणायची सवय

सॉफ्टवेअरमध्ये होतो, असं लग्नाच्या पंगतीत सांगितलं की शेजारचा माणूस खिशातून मोबाईल काढून माझ्या ताटाशेजारी ठेवतो. ‘जरा बघा ना, सारखा हँग होतो.’ मला त्यातलं काही कळत नाही हे त्याला खरं वाटत नाही. शेवटी तो विचारतो, ‘मग तुम्ही इतकी वर्षं करत काय होतात?’

प्रश्न बरोबर आहे. मलाही तो अधूनमधून पडतो आणि पडला की मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागतो. बायको म्हणते, निवृत्त झालेली माणसं शांत होतात असं ऐकून होते.

आम्ही नाशिकमधल्या आणि आसपासच्या धंद्यांना लागणारे प्रोग्राम लिहायचो, त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवायचो आणि नंतर त्यांचे फोन घ्यायचो. गंगापूर रोडवर एका बिल्डिंगमधल्या फ्लॅटमध्ये आमची कंपनी होती. हॉलमध्ये प्रोग्रामर, बेडरूममध्ये मालकांची केबिन आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर सर्व्हर, म्हणजे बाकीचे सगळे कॉम्प्युटर ज्याला जोडलेले असतात तो मोठा कॉम्प्युटर. शेजारच्या सिंकमध्ये चहाचे कप धुताना त्याच्यावर पाणी उडू नये म्हणून मध्ये प्लायवूडचा तुकडा उभा केला होता. नव्वदीच्या दशकात मी तिथे लागलो तेव्हा प्रोग्राम लिहिता येणं हेच मोठं कौतुकाचं होतं. ते या नोकरीतलं सोपं काम आहे, हे कळायला मला बराच वेळ लागला.

विंचूरला आमचे एक गिऱ्हाईक होते, कांद्याचे व्यापारी. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा. ‘तुमचा प्रोग्राम बंद पडला. या.’ मी स्कूटर काढून जायचो. प्रोग्राम व्यवस्थित चालू असायचा. मी तपासायचो, चहा प्यायचो, परत यायचो. तीन-चार खेपा झाल्यावर एकदा न सांगता गेलो, तर स्वतः शेटच भिंतीवरचं बटण बंद करताना दिसले. मला बघून ओशाळले. मग बाहेर ओट्यावर बसवून म्हणाले, ‘साहेब, दोन्ही पोरं दिवसभर त्याच्याकडे तोंड करून बसत्यात. माझ्याकडे पाठ. गिऱ्हाईक येतं, बघतं. मला लय कसंतरी व्हतं.’ मी आणि दोन्ही पोरांनी मिळून टेबल फिरवलं. पोरांची तोंडं वडिलांच्या गादीकडे झाली. त्यानंतर प्रोग्राम कधी बंद पडला नाही.

कॉलेजात हे शिकवत नाहीत. आणखी एक गोष्ट शिकवत नाहीत, ती म्हणजे नाही म्हणणं. तिच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला बसलोय.

आमचे मालक निकम सर. निफाडकडच्या शेतकरी घरातले, इंजिनिअर झालेले, उंच, खड्या आवाजाचे. एका कॉम्प्युटरवर त्यांनी कंपनी सुरू केली ती ‘होईल’ या एका शब्दाच्या जोरावर. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते ‘होईल’ म्हणायचे. आम्हीही तेच शिकलो. सरांनी विचारलं, ‘शुक्रवारपर्यंत?’ की आम्ही म्हणायचो, ‘होईल, सर.’ या ‘होईल’चे अर्थ पुष्कळ असायचे. तुमचं ऐकलं. तुमचा मान राखतो. आत्ता चिडू नका. बघू. फक्त काम होणार, एवढा एक अर्थ त्यात हमखास नसायचा. शुक्रवार उजाडला की मग धावाधाव, रुसवे, फोन न उचलणं.  मला तर तेव्हापासून ॲसिडिटी आहे.

अशा ऑफिसात मनीषा आली. सायखेड्याची. घरची फुलशेती आणि भाजीपाला, वडील भल्या पहाटे माल घेऊन नाशिकच्या मार्केटला यायचे. ही एमसीए झालेली, रोज एसटीने ये-जा करायची. बोलायला कमी, पण जे बोलायची ते सरळ. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, ‘उद्यापर्यंत होईल ना?’ ती म्हणाली, ‘नाही, परवा दुपारी होईल.’ हॉलमधले की-बोर्ड थांबले. सर हसले आणि केबिनमध्ये गेले. काम परवा दुपारी झालं. नवीन आहे, शिकेल, असं आम्ही आपसात म्हणालो.

दोन हजार सालानंतर लवकरच आम्हाला एक मोठं काम मिळालं. शहरात एका ट्रस्टचं नवीन हॉस्पिटल होत होतं, त्याच्या लॅबसाठी प्रोग्राम. काम ऐकायला साधं. पेशंटचं रक्त घेतलं की टेक्निशियन नाव टाइप करतो, प्रोग्राम त्याला एक नंबर देतो, तोच नंबर नळीवर चिकटतो. पुढे तपासणीचे आकडे त्या नंबरावर भरले जातात आणि शेवटी नावानिशी रिपोर्ट छापून बाहेर येतो. सोमवारी उद्घाटन होतं, मंत्री येणार होते. प्रोग्राम मनीषाने आणि आणखी दोघांनी लिहिला होता. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्याकडे.

उद्घाटनाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही ऑफिसातच चाचणी घेत होतो. सगळ्यांनी आपापली नावं टाकली, मनाला येतील त्या तपासण्या लिहिल्या. हॉलभर हशा चालला होता. तेवढ्यात माझा रिपोर्ट छापून आला. माझं नाव, माझं वय आणि खाली गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. कोणीतरी पेढे मागितले. मीही हसत होतो. मनीषा मात्र तो कागद हातात घेऊन उभी होती.

‘सर, ही चाचणी मी टाकली होती,’ ती मला म्हणाली. ‘शेजारच्या कॉम्प्युटरवरून, दुसऱ्या नावावर. ती तुमच्या नावावर कशी आली?’

हसणं थांबलं. आम्ही पुन्हा करून बघितलं. बरोबर आलं. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. दोन दिवस ती तेच करत राहिली. चूक परत आली नाही. आमच्या धंद्यात याहून वाईट काही नसतं. चूक दिसली की निम्मं काम झालेलं असतं. एकदा तोंड दाखवून गेलेली चूक मात्र झोप उडवते.

मनीषा सरांच्या केबिनमध्ये गेली. मला सोबत नेलं. 

‘सर, हे सोमवारी सुरू करायला नको.’

‘किती वेळा झालं?’

‘एकदा.’

‘मग एंट्री करताना तूच चुकली असशील.’

‘मी चुकले नव्हते, सर. आणि एकदा झालं म्हणजे होतंय.’

सर खुर्चीत मागे रेलले. ‘मंत्री येणारेत, मनीषा. पत्रिका वाटून झाल्या. सोमवारी सुरू करू, मागाहून शोधत बसू. आजवर असंच केलंय. मी लोकांना नाही म्हणत बसलो असतो तर ही कंपनी उभी राहिली असती का?’

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या ‘होईल’वरच आमच्या सगळ्यांच्या चुली पेटत होत्या. पण माझ्या डोळ्यांसमोर तो कागद होता. मी म्हणालो, ‘सर, निदान देवधर मॅडमना सांगून तरी ठेवू.’ देवधर मॅडम म्हणजे त्या लॅबच्या प्रमुख, पॅथॉलॉजिस्ट.

सर बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘सांगायचं तर तू सांग. माझ्या तोंडून नाही निघणार.’

मी लगेच निघालो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. मॅडम, एक छोटीशी अडचण आहे. मॅडम, काळजीचं कारण नाही, पण. लॅबमध्ये पोचलो तर नव्या टेबलांभोवती सगळा स्टाफ उभा, दोन ट्रस्टी आलेले, कोणी फुलांच्या तोरणांची जागा दाखवतंय. मॅडमनी मला लांबूनच पाहिलं आणि सगळ्यांसमोर प्रसन्नपणे विचारलं, ‘या या! सोमवारी नक्की ना?’

‘हो मॅडम,’ मी म्हणालो. ‘होईल.’

शब्द बाहेर पडला तेव्हा मलाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला. खाली येऊन स्कूटरवर बसलो, पण किक मारवेना. नुसता हँडल धरून बसलो. नंतर गंगापूर रोडने ऑफिसपर्यंत गेलो, ऑफिस ओलांडून पुढे गेलो, वळून परत आलो, पुन्हा ओलांडून गेलो. शेवटी वर चढलो.

मनीषा दारातच होती. ‘काय म्हणाल्या?’

मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिला कळलं. चिडली नाही. खुर्चीवरची ओढणी उचलली आणि म्हणाली, ‘चला सर. मी येते.’

आम्ही दोघं परत गेलो तेव्हा ट्रस्टी गेले होते. मॅडम मायक्रोस्कोपवर होत्या. मी सुरुवात केली, अडखळलो, आणि मनीषाने वाक्य माझ्या तोंडातून काढून घेतलं.

‘मॅडम, एका माणसाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जातोय. एकदाच गेलाय. का गेला ते आम्हाला माहीत नाही.’

मॅडमनी डोळे वर केले. ‘दाखवा.’

आम्ही दाखवायला लागलो. दोन कॉम्प्युटरवर दोन टेक्निशियन बसवले. नावं घातली, रिपोर्ट काढले. बरोबर. परत काढले. बरोबर. कागदांचा ढीग झाला.  एका टेक्निशियनने दुसऱ्याकडे बघून भुवई उडवली.

‘चाललंय की व्यवस्थित,’ मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला धार आली होती. ‘मग तुम्ही मला घाबरवायला आलात का?’

मनीषाचे कान लाल झाले होते. ती सायखेड्याच्या बोलीवर घसरली की समजायचं, आता आतून बोलतेय. ‘मॅडम, सापडत नाय हीच भीती हाय. सापडलं असतं तर आत्तापर्यंत दुरुस्त केलं असतं ना. माझ्या आईचं रक्त असतं तर मी ह्याच्यावर रिपोर्ट काढला नसता.’

मॅडम उठल्या. बेसिनपाशी जाऊन हात धुतले, सावकाश पुसले. मग वळल्या त्या माझ्याकडे. ‘मघाशी तुम्ही मला होईल म्हणालात.’

‘हो.’

‘का?’

मी खरं ते सांगितलं. ‘एवढ्या सगळ्यांसमोर तुम्हाला नाही म्हणवेना.’

‘आणि एवढ्या सगळ्यांसमोर माझ्या लॅबमधून कोणाला चुकीचा रिपोर्ट गेला असता तर?’

 मॅडमनी उत्तराची वाट पाहिली नाही. म्हणाल्या, ‘उद्घाटन होईल. कॉम्प्युटर टेबलावर राहतील. रिपोर्ट आम्ही हाताने लिहू, आजवरच्या सगळ्या लॅबमध्ये मी तेच करत आलेय. पण ट्रस्टींना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. आज.’

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणालो. ट्रस्टींच्या घरी, त्यांच्या दिवाणखान्यात, उभ्यानेच. ते खूप बोलले. मी ऐकून घेतलं. आश्चर्य म्हणजे बाहेर पडल्यावर या वेळी किक मारायला वेळ लागला नाही. पण ट्रस्टींचं माझ्याशी बोलून समाधान झालं नाही. त्यांनी निकम सरांना फोन केला, आणि सरांना जे ऐकावं लागलं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं.

सोमवारी मंत्र्यांनी एक बटण दाबलं. त्यांच्याच नावाचा नमुना रिपोर्ट आला, फोटो निघाले. सर मागच्या रांगेत हात बांधून उभे होते. नंतर लॅबमध्ये सगळे रिपोर्ट हाताने लिहिले गेले.

चूक मनीषाला सापडली ती त्यानंतर काही दिवसांनी, सायखेड्याच्या एसटीत. सकाळी ऑफिसात आली ती पळतच. ‘सर, रुमाल!’ म्हणाली. मला काही कळेना. मग तिने सांगितलं. गर्दीच्या गाडीत एक माणूस खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. त्याच वेळी दुसरा दारातून घुसून त्याच सीटवर पिशवी ठेवतो. दोघांनी बघितलं तेव्हा सीट रिकामी होती. दोघांनाही वाटतं, जागा आपली. आमचा प्रोग्राम तेच करत होता. नवीन पेशंट आला की शेवटचा नंबर कोणता ते बघायचा आणि पुढचा द्यायचा. दोन कॉम्प्युटरनी अगदी त्याच क्षणी बघितलं, तर दोघांना एकच नंबर. म्हणून सारखं होत नव्हतं, आणि म्हणूनच कधी ना कधी नक्की झालं असतं. एकाचा नंबर ठरेपर्यंत दुसऱ्याला दाराबाहेर थांबवायचं, एवढीच दुरुस्ती. तिने ती दुपारपर्यंत केली. मॅडमनी पुढे स्वतः उभं राहून तपासून घेतलं आणि मग लॅब त्या प्रोग्रामवर चालू झाली. चांगली चालली.

खरं तर इथे सगळं गोड व्हायला हवं होतं.

सर मनीषाला रागावले नाहीत. त्यांनी तिच्याशी बोलणंच बंद केलं. ती हाकेच्या अंतरावर बसलेली असायची आणि सर मला सांगायचे, ‘तिला म्हणावं, ती फाईल पाठव.’ मी तिच्याकडे वळायचो, ती आधीच पाठवायला लागलेली असायची. मीटिंगमध्ये सगळ्यांना विचारायचे, तिची पाळी आली की नजर पुढच्या खुर्चीवर. बाकीची पोरंही हळूहळू तिच्यापासून लांब डबा खायला लागली. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या हवेला सांगावं लागत नाही. मी दोनदा सरांकडे विषय काढला. ‘अरे, मी कुठे काय म्हटलंय तिला?’ एवढंच म्हणाले. मनीषाशी बोलायला गेलो तर ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणायची, ‘असू द्या सर.’

मग धुळ्याहून एका हॉस्पिटलचा फोन आला. देवधर मॅडमनी आमचं नाव सुचवलं होतं आणि सांगितलं होतं की त्या मुलीलाच पाठवा. सर खूष झाले. त्यांनी मला बोलावलं. ‘तिला म्हणावं, धुळ्याला जायचंय.’

मी सांगायला गेलो. तिने ड्रॉवरमधून राजीनाम्याचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. पुण्यातल्या एका कंपनीत तिला नोकरी मिळाली होती.

‘अगं, आता तर सगळं नीट होतंय,’ मी म्हणालो. ‘आता तुलाच मागतायत.’

‘माहितीये सर.’ तिने थोडा विचार केला. ‘इथे खरं बोलायला दर वेळी एवढा जोर लावावा लागतो. मला तो जोर कामात लावायचाय.’

मी पाकीट घेऊन केबिनमध्ये गेलो. सरांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं.

‘पण मी तिला एक शब्द बोललो नाही,’ ते म्हणाले.

‘हो सर,’ मी म्हणालो. ‘एक शब्दही नाही.’

 मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. ते उठले, हॉलमध्ये गेले, मनीषाच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी दोघांना मोकळेपणा मिळावा म्हणून सगळ्यांना खाली चहाला घेऊन गेलो. वर आलो तेव्हा सर केबिनमध्ये होते आणि मनीषा काम करत होती. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. ती थांबली नाही. महिनाअखेरीस सगळ्यांना घरच्या निशिगंधाची एकेक जुडी देऊन गेली. सरांच्या टेबलावरही एक ठेवली.

त्यानंतरच्या पहिल्या मीटिंगमध्ये सरांनी एका गोदामाच्या कामाबद्दल विचारलं, ‘शुक्रवारी द्यायचंय. होणार ना?’

प्रत्येक जण शेजारच्याकडे बघायला लागला.  मला बसवेना, मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. आमच्यातला सगळ्यात भित्रा प्रोग्रामर, जो कायम मोठ्याने ‘होईल’ म्हणायचा, फरशीकडे बघत म्हणाला, ‘नाही, सर.’

सरांचा चेहरा ताठ झाला. तोंड उघडलं, मिटलं. 

‘बरं,’ ते म्हणाले. पेन हातात घेतलं. ‘मग कधी?’